मेन क्लॉज कुठाय?

निघताना सरळ ‘जातो’ म्हणणारा मराठी माणूस तुम्ही कधी पाहिला आहे का? आम्ही पाहिला, तोही आमच्याच घरात, समोरच्या भाड्याच्या दोन खोल्यांत. सकाळी फाटकाची कडी वाजायची आणि पाठोपाठ सरांचा आवाज यायचा, “जातो.” आई तव्यावरची पोळी तशीच टाकून ओरडायची, “अजी सर, येतो म्हणा, येतो! भरल्या घरातून निघताना असं अभद्र बोलते का कोणी?”

सर फाटकात थांबायचे, चष्मा कपाळावर सारायचे. “बाई, माझं तोंड रस्त्याकडं आहे, पाठ तुमच्याकडं आहे. मी जाऊन राहिलो. मग येतो काहून म्हणू?” एवढं बोलून ते खरंच जायचे आणि इकडे आईची पोळी करपायची.

अशा माणसाचा संशय नाही येणार तर काय येणार! तसाही आमच्या घरात संशयाला तोटा नव्हता. बाबा रेल्वेच्या ऑफिसात होते. त्यांना दूधवाल्याचा संशय, पेपरवाल्याचा संशय, सिलिंडर आणणाऱ्याचा तर पक्काच. पण तोंडावर कोणाला काही म्हणतील तर शपथ! समोर सगळं साखरेत घोळलेलं, “या, बसा, काय सेवा करू?” आणि तो माणूस वळला की आईच्या कानाशी, “याच्या मनात काहीतरी आहे हं.” मी त्यांचीच पोट्टी. सर राहायला आले त्या दिवशी मी त्यांना आधी दाराच्या फटीतूनच पाहून घेतलं.

सर अमरावतीकडचे. तिकडे कुठल्याशा शाळेत इंग्रजी शिकवायचे. ते सोडून इतक्या लांब रायपूरला काहून आले, हे ना त्यांनी सांगितलं, ना आम्हाला विचारायचं धैर्य झालं. सोबत एक ट्रंक, घडीचं टेबल आणि दोरीनं बांधलेला काळा फळा. आई पाणी द्यायच्या निमित्तानं आत जाऊन भिंती पाहून आली. देवाचा फोटो नाही, बायकोचा फोटो नाही, हारवाला नाही की बिनहाराचा नाही. “काहीतरी भानगड आहे,” बाबा म्हणाले, आणि बाहेर येऊन सरांपुढे हात जोडले, “सर, आता हे घर तुमचंच आहे.”

सरांनी चष्मा कपाळावर सारला. मग म्हणाले, “भाडं किती?”

बाबा खो खो हसले. मोठा गमत्या माणूस दिसते, म्हणाले. पुढे ‘घर तुमचंच’ या आपल्याच वाक्यापायी त्यांची झोप उडायची होती, ते तेव्हा कोणाला ठाऊक!

सर घरीच शिकवण्या घ्यायचे. समता कॉलनीतली पोरं यायची, भनपुरीहून ट्रकवाल्यांची पोरं सायकली हाणत यायची, आणि मराठी घरातली म्हणून मी कोपऱ्यात. शिकवायचे फक्त इंग्रजी व्याकरण, आणि त्यातही क्लॉज, फ्रेज आणि अलंकार यांवर त्यांचा डोळा. शिकवायचे म्हणण्यापेक्षा चौकशी करायचे. फळ्यावर वाक्य लिहायचं आणि ठाणेदारासारखं त्याच्यापुढे उभं राहायचं. “बता, काम करनेवाला कौन है? काम क्या किया? कब किया? किसके कहने से किया?” पोरं घाबरून उत्तरं द्यायची, जणू त्यांनीच केलं असावं.

फ्रेजवर त्यांचा काडीचा भरवसा नव्हता. मला मराठीतून समजवायचे, “हे पाह्य पोट्टे, फ्रेजले क्रियापद नसते. क्रियापद नाही म्हणजे करणारा नाही. करणारा नाही, तर उद्या पकडशील कोणाले?” तेव्हा नवं राज्य झालेलं, रायपूर राजधानी झालेली. भिंतीभिंतीवर, चौकाचौकात पाट्या लागत होत्या. सर भाजीची पिशवी घेऊन भर रस्त्यात उभे राहून त्या वाचायचे. “‘राजधानी के विकास की ओर’. ओर, बरं. कोण जाऊन राहिलं ओर? कधी निघालं? पोचणार कधी?” मागून स्कूटरवाले हॉर्न देऊन शिव्या घालायचे. सरांचं लक्ष पाटीवर. “पूर्ण पाटीत एक क्रियापद नाही, आणि लोकं टाळ्या वाजवून राहिले!”

क्लॉज त्यांना त्यातल्या त्यात बरा वाटायचा, त्यात क्रियापद तरी असतं म्हणून. पण सबॉर्डिनेट क्लॉज एकटा सापडला की खैर नाही. ‘जर पाऊस आला’, ‘जेव्हा साहेब येतील’, ‘कारण माझी तब्येत बिघडली’. हे म्हणजे दाराशी येऊन उभं राहायचं आणि कडी वाजवायची नाही, असं ते म्हणत. असं अर्धवट कोणी बोललं की सर हात पुढे करायचे, वाण्याकडे सुटे मागावे तसा. “मेन क्लॉज कुठाय?” दूधवाल्याला विचारायचे, बिजलीच्या ऑफिसात विचारायचे. एकदा तर मंदिराच्या वर्गणीला आलेल्या माणसाला विचारलं. तो बिचारा पावतीपुस्तक घेऊन पळाला.

अलंकारांत उपमेला माफी होती. “सिमिली में ‘लाइक’ लिखा रहता है,” ते पोरांना सांगायचे. “मतलब बोलनेवाला मान रहा है कि भई, है नहीं, वैसा लग रहा है। मेटाफर बेईमान है। सीधा बोलता है, है!” भनपुरीच्या एका पोरानं निबंधात लिहिलं, ‘माय फादर इज अ लायन.’ सरांनी वही खाली ठेवली. “पिताजी शेर हैं?” “हव, सर.” “तो पिंजरा किधर है?” पोरगा रडकुंडीला आला. घरी जाऊन त्यानं बापाला विचारलं म्हणे, आपण मेटाफर आहात की सिमिली. बापानं एक लगावून दिली, म्हणजे शेरच निघाला.

माझी फजिती वेगळीच. सरांकडे शिकवणी संपली की इंग्रजीतून निरोप घ्यायचा नियम होता. हिंदीवाली पोरं ‘मे आय गो, सर’ म्हणून सुटायची. मी मराठी. आईनं जन्मापासून जिभेवर बसवलेलं, जाते म्हणायचं नाही, येते म्हणायचं. दप्तर खांद्याला लावलं आणि ऐटीत म्हणाले, “आय ॲम कमिंग, सर.”

“कम,” सर म्हणाले.

मी दारातून परत आले आणि बसले. थोड्या वेळानं पुन्हा उठले. “आय ॲम कमिंग, सर.” “कम.” पुन्हा बसले. सगळी पोरं फिदीफिदी हसत होती, आणि मला काही केल्या समजेना की हा माणूस मला घरी काहून जाऊ देत नाही. शेवटी आई पलीकडून हाका मारत आली आणि हात धरून ओढून घेऊन गेली. “बह्याड आहे हा माणूस, अगदी खुळा,” ती म्हणाली. बाबा म्हणाले, “बह्याड नाही, लबाड आहे. शब्द पकडून ठेवते.”

आईचं आणि सरांचं भांडण मात्र गोडीतलं होतं. तिच्या हातातली बांगडी फुटली की ती म्हणायची, बांगडी वाढली. सर खाली वाकून तुकडे पाहायचे. “बाई, वाढली कुठं? कमीच झालेली दिसून राहिली.” ती दिवा शांत करायची, सर तो विझवायचे. तरीही संक्रांतीला तिळगुळाची पहिली वाटी त्यांच्याकडे जायची. अशाच एका संक्रांतीला वाटी परत करून सर म्हणाले, “जातो,” आणि आई पुन्हा सुरू झाली, सणासुदीला तरी येतो म्हणा म्हणून.

सर त्या दिवशी वाद घालायला थांबले नाहीत असं नाही. थांबले. पण आवाज निराळा होता. “बाई, एक जण ‘येते’ म्हणून गेलं होतं. त्या शब्दाच्या भरवशावर मी रोज संध्याकाळी दोन कप चहा मांडत होतो.”

“किती दिवस?” आईच्या तोंडून निघून गेलं.

“ते विचारू नका.”

त्यानंतर आईनं त्यांना कधी टोकलं नाही. सकाळी “जातो” आलं की ती पोळी उलटायची. बाबांनी मात्र त्यातूनही आपला अर्थ काढला. “बायको पळाली असन, याच्या व्याकरणाले कंटाळून.” आई त्यांच्याकडे अशी पाहायला लागली की ते पेपर उचलून अंगणात गेले.

राजधानी झाली तशी गावाची तऱ्हाच बदलली. शंकर नगरात घराघरावर ऑफिसच्या पाट्या लागल्या, भाडी चढली, आणि जो तो एकमेकाच्या भिंती नजरेनं मोजू लागला. आमच्या शेजारी जमिनीचे सौदे करणारे एक गृहस्थ होते, सगळे त्यांना भैयाजी म्हणायचे. भाडी चढलेली असताना आमच्या समोरच्या खोल्यांत जुना भाडेकरू राहतो, हे त्यांना फार सलायचं. त्यात माझ्या मोठ्या भावाचं लग्न ठरत आलं. दादा भिलाईला नोकरीला, स्थळ नागपूरचं, मुलगी सगळ्यांना पसंत. मुलीच्या वडलांनी एकच विचारलं, नव्या जोडप्याला घरात स्वतंत्र खोली आहे ना? बाबा म्हणाले, आहे ना! आणि घरी आल्यावर डोक्याला हात लावून बसले. खोली होती, पण तिच्यात सर होते. ती खाली झाली नाही तर दादाचं लग्न मोडणार, हे घरातल्या प्रत्येकाला दिसत होतं.

भैयाजींनी आगीत तेल ओतलं. “अंकल, इतने साल का किरायेदार किरायेदार नहीं रहता, हिस्सेदार हो जाता है। आपने कभी उनको कुछ ऐसा-वैसा बोल तो नहीं दिया?”

बाबांचा चेहरा उतरला. “बोला था. पहिले ही दिन बोला था, घर आपका ही है.”

“हे भगवान! किसके सामने?”

“मिसेस के सामने.”

“लो, गवाह भी घर का!”

त्या दिवसापासून बाबांना घास गोड लागेना. उठता बसता एकच, “मी म्हणून बसलो वं, त्याच्या तोंडावर म्हणून बसलो! आणि हा शब्द धरून चालणारा माणूस!” आई समजवायची की असं तर सगळेच म्हणतात. बाबा म्हणायचे, “सगळे म्हणतात, पण सगळ्यांच्या घरी सर राहत नाहीत.” त्यातच सरांनी भिंतीलगत कढीपत्त्याचं रोप लावलं. भैयाजी कुंपणावरून वाकून पाहून गेले. “पेड़ लगा दिया? समझो जड़ पकड़ ली।” बाबा संध्याकाळी अंगणात जाऊन त्या वीतभर रोपाला तीन बाजूंनी पाहून आले. “अजी, कढीपत्ता आहे तो,” आई म्हणाली, “वड नाही.”

मग त्यांनी मला कामाला लावलं. शिकवणीहून आले की चौकशी. आज काय शिकवलं? मी म्हटलं, कंडिशनल क्लॉज. उदाहरण काय दिलं? मी वहीत पाहून वाचलं, “इफ द ओनर वॉन्ट्स द हाउस, द टेनंट विल लीव्ह.” बाबांनी मला मराठीत अर्थ सांगायला लावला आणि खुर्चीतून उठले. “इशारा आहे! ऐकलं का वं? जर मागितलं तर! म्हणजे मागितल्याशिवाय हा हलत नाही, असं सांगून राहिला पोरीच्या तोंडून!” आई म्हणाली, “मग मागा ना.” पण मागणार कसे? बाबांनी जन्मात कोणाला सरळ काही मागितलं नव्हतं.

त्यांनी आपल्या पद्धतीनं मागून पाहिलं. सर ओसरीवर पेपर वाचत बसले होते. बाबा शेजारी जाऊन टेकले, घसा खाकरला. “काय आहे सर, पोराचं लग्न ठरल्यावर… म्हणजे तुम्ही तर घरचेच… आजकाल जागेचं असं झालं की…”

सर थांबले. वाट पाहिली. मग पेपर बाजूला ठेवला. “राव, मराठी माणूस मोठा चतुर. इंग्रजाले जिथं अख्खा क्लॉज लागते तिथं हा नुसतं ‘वर’ लावून मोकळा होते. ‘ठरल्यावर’. बरं. ‘घरचेच’ हे रूपक झालं. ‘जागेचं असं झालं की’, पुढं? मेन क्लॉज कुठाय?”

बाबांना घाम फुटला. “चहा घेता का?”

“हं, हे वाक्य आहे. घेतो.”

दोघांनी चहा घेतला. बाबा आत येऊन म्हणाले, “पाहिलं? सगळं समजते त्याले. मुद्दाम वेड घेऊन पेडगावला जाते!” मलाही तेव्हा तसंच वाटलं. नागपूरहून फोन यायला लागले, खोलीला रंग दिला का, कपाट कुठं ठेवणार. बाबांनी सरांना आणखी कितीतरी अर्धी वाक्यं ऐकवली, कधी अंगणात, कधी नळावर. सर प्रत्येक वेळी हात पुढे करायचे, आणि बाबा प्रत्येक वेळी चहा विचारायचे.

शेवटी एका दुपारी पुन्हा तोच खेळ ओसरीवर चालला होता. मुलीचे वडील खोली पाहायला निघायचे होते. बाबा म्हणत होते, “सर, पाहुणे आले म्हणजे, आणि तुमची काही हरकत नसली तर…” आतून आई आली. हात कणकेनं माखलेले, तसेच पुढे धरलेले. तिनं बाबांकडे पाहिलंही नाही.

“सर, पोराच्या लग्नासाठी आम्हाले समोरच्या खोल्या पाहिजेत. तुम्ही खोल्या खाली करा.”

बाबा अर्धे उठले. “अवं, असं कोणी बोलते का सरांशी…”

सरांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला, पुन्हा लावला. मला वाटलं, झालं, आता कोर्टाची भाषा निघते. सर आईला म्हणाले, “बाई, किती दिवसांपासून मी या वाक्याची वाट पाहून राहिलो होतो. लग्न आहे हे मले दिसत होतं. पण अर्ध्या वाक्यावर माणसानं बिऱ्हाड उचलावं का? उद्या तुम्ही म्हणाल, आम्ही कुठं जा म्हटलं!” मग बाबांकडे वळले. “आणि राव, तुम्ही पहिल्या दिवशी म्हणाले, घर तुमचंच आहे. मले तेव्हाच समजलं होतं की रूपक आहे. रूपकात कोणी राहते का? मी तर भाड्यानं राहत होतो.”

बाबांनी मान खाली घातली ती वर केली नाही. आई कणकेचे हात घेऊन तशीच उभी होती, आणि तिचे डोळे भरून आले होते.

पुढच्याच रविवारी सर निघाले. भनपुरीकडे एक खोली मिळाली आहे, एवढं त्यांनी पूर्ण वाक्यात सांगितलं. ट्रंक, टेबल, फळा हातगाडीवर चढला. आईनं तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा दिला. बाबा आतून पंखे, बल्ब, नळाच्या तोट्या पाहून आले. सगळं जागच्या जागी होतं, तरी त्यांच्या जिवाला स्वस्थता नव्हती. मी फाटकाशी उभी होते. कडी वाजली. रोजच्या सवयीनं आम्ही त्या शब्दाची वाट पाहत होतो, आणि आईनं तर आधीच खाली पाहिलं होतं.

सर फाटकाबाहेर गेले आणि थांबले. मग अंगभर वळले, पाठ रस्त्याकडे आणि तोंड आमच्याकडे.

“बाई,” ते म्हणाले, “येतो.”

हातगाडी वळणापलीकडे गेल्यावर आईला आवाज फुटला. “या हं, सर,” ती म्हणाली. ऐकायला तिथं मीच होते.

बाबा मागे ओसरीवर होते, त्यांची चलबिचल तिथंच सुरू झाली. “येतो म्हणाला? येतो? आजवर नाही म्हणाला आणि आजच काहून म्हणाला? म्हणजे परत येणार का हा?” दुपारीच ते बाजारात गेले आणि समोरच्या दाराला नवं कुलूप घेऊन आले. ते कुलूप पाहून आई जशी भडकली, तशी ती मला पुन्हा कधी दिसली नाही. “लावा कुलूप! पण त्या माणसाच्या तोंडून आजपर्यंत एक खोटा शब्द निघाला नाही, आणि तो येतो म्हणून गेला आहे. एवढं ध्यानात ठेवा.”

लग्नाच्या पत्रिका छापून आल्या. पहिली सरांची, आईनं बजावलं, आणि टपालानं नाही, हातानं द्यायची. बाबा स्कूटर काढून भनपुरीला गेले. ट्रक, धूळ, गोदामं यांतून विचारत विचारत ती खोली सापडली. दारात दुसऱ्याच कोणाचे कपडे वाळत होते. घरमालक म्हणाला, “मास्टरजी? वो तो चले गए।” बाबांनी विचारलं, कुठं? “बताया नहीं। बस इतना बोले, जाता हूँ।”

बाबा पत्रिका तशीच घेऊन परत आले. ओसरीवर सरांच्या जागी बसले. मी पाणी नेऊन दिलं. “तिथं त्यांनी जातो म्हटलं,” ते मला म्हणाले. त्यांनी पत्रिका मांडीवर ठेवली. “आपल्याकडं येतो म्हटलं होतं ना?” मी म्हटलं, हो बाबा. त्यांनी पाणी घेतलं आणि नवं कुलूप त्याच संध्याकाळी काढून टाकलं.

लग्न झालं, समोरच्या खोल्यांत दादा-वहिनी आले, कढीपत्ता कुंपणाच्या वर गेला. सर आले नाहीत. फाटक वाजलं की बाबा मान वर करून पाहायचे. आधी पाहायचे ते भीतीनं, हे मला माहीत आहे. नंतरचं मी विचारलं नाही, पण दिसायचं.

पुढे काही वर्षांनी मला पुण्याला नोकरी लागली. बॅग रिक्षात ठेवली, आईच्या पाया पडले, बाबांच्या पाया पडले, आणि लहानपणापासूनच्या सवयीनं म्हणाले, “येते, बाबा.”

“कधी?” बाबा म्हणाले.

ज्या माणसानं जन्मात कोणाला सरळ प्रश्न विचारला नाही, तो विचारत होता. मी गडबडले. “पाहू ना बाबा, सुट्टी मिळाली की, आणि ऑफिसात सगळं नीट झाल्यावर…”

बाबांनी हात पुढे केला, तळवा वर करून. “मेन क्लॉज कुठाय?”

रिक्षावाला हॉर्न देत होता. “दिवाळीत येईन,” मी म्हटलं.

“हं,” बाबा म्हणाले. “आता जा.”

आई दारातच उभी होती. जा म्हणू नये, असं ती एका शब्दानंही बोलली नाही.